क्रून आणि लिटास: दोन्ही 'स्थिर' चलनं, मग त्यांचा आपसातला दर का हलला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एस्टोनियातल्या तार्तू शहरातल्या एका छोट्या लाकूडसामान कंपनीच्या १९९५ ते २००३ या काळातल्या हिशेबवह्या प्रश्नकर्त्याच्या हाती आल्या आहेत. ही कंपनी लिथुएनियात कौनासला माल विकत असे. वह्या मुख्यतः एस्टोनियाच्या क्रूनमध्ये आहेत, पण बऱ्याच नोंदी लिथुएनियाच्या लिटासमध्ये आहेत. अभ्यासासाठी सगळं एका चलनात आणायचं आहे. शोधताना दोन तक्ते मिळाले. एकात सगळ्या वर्षांना एकच दर दिलाय, १ लिटास म्हणजे ४.५३ क्रून. दुसऱ्यात तो १९९५ मध्ये २.८७ आहे आणि चढत चढत ४.५३ वर पोचतो. प्रश्नकर्ता विचारतो, "दोन्ही देशांची चलनं त्या काळात स्थिर दराला बांधलेली होती. मग दुसरा तक्ता चुकीचाच असणार ना?"

नाही. दुसरा तक्ता बरोबर दिसतोय आणि पहिला २००२ च्या फेब्रुवारीआधीच्या काळासाठी चुकीचा आहे. तुमचा तर्क मात्र मला पूर्ण समजतो, कारण नेमकी हीच चूक मी स्वतः केली आहे. परदेशी शाखांचे जुने हिशेब एका चलनात आणणं हे माझं अनेक वर्षांचं काम. सुरुवातीच्या काळात एका कंपनीच्या एस्टोनिया आणि लिथुएनिया अशा दोन शाखांचे आकडे माझ्याकडे आले. दोन्ही चलनं स्थिर आहेत असं वाचलं होतं, म्हणून मी वर्षाच्या सुरुवातीचा दर घेतला आणि पूर्ण वर्षाला लावला. दोन शाखांनी एकमेकींना दिलेला माल एका बाजूला जितका दिसत होता तितका दुसऱ्या बाजूला दिसेना. फरक किरकोळ नव्हता. मी तीन दिवस बेरजा तपासत बसले. शेवटी माझ्या वरिष्ठांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "स्थिर आहेत हे खरं, पण कशाशी?"

तुमच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. चलन स्थिर असतं म्हणजे ते कुठल्या तरी खुंट्याला बांधलेलं असतं. दोन गाई दोन वेगळ्या खुंट्यांना बांधलेल्या असतील आणि खुंटेच सरकत असतील, तर गाईंमधलं अंतर बदलणारच. दोर कितीही घट्ट असला तरी.

आता खुंटे कोणते होते ते पाहू. एस्टोनियाने २० जून १९९२ रोजी रूबल सोडून क्रून आणला. १० रूबलला १ क्रून अशी अदलाबदल झाली आणि त्याच दिवसापासून ८ क्रून म्हणजे १ जर्मन मार्क असा दर ठरला. पद्धत करन्सी बोर्डाची होती. म्हणजे मध्यवर्ती बँकेने बाजारात आणलेल्या प्रत्येक क्रूनमागे तेवढी परकीय गंगाजळी किंवा सोनं असायला हवं, आणि कोणतीही बँक मार्क घेऊन आली की तिला ठरलेल्या दराने क्रून द्यायचे, क्रून घेऊन आली की मार्क द्यायचे. हा दर एस्टोनियाने शेवटपर्यंत बदलला नाही. १ जानेवारी १९९९ ला युरो आला तेव्हा मार्कचा युरोशी दर कायमचा १.९५५८३ ठरला. त्याला ८ ने गुणा, १५.६४६६४ येतात. म्हणूनच पुढे क्रूनचा दर १ युरोला १५.६४६६ असा लिहिला जाऊ लागला. आकडा नवा, खुंटा जुनाच. १ जानेवारी २०११ ला एस्टोनियाने युरो स्वीकारला तोही याच दराने.

लिथुएनियाचा रस्ता वेगळा होता. रूबलनंतर तिथे आधी तालोनास नावाचं तात्पुरतं चलन चाललं. मग २५ जून १९९३ ला लिटास आला, १०० तालोनासला १ लिटास या हिशेबाने. सुरुवातीला लिटासचा दर मोकळा होता. १९९४ च्या मार्चमध्ये लिटासच्या विश्वासार्हतेचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९९४ पासून लिथुएनियानेही करन्सी बोर्ड आणलं. पण खुंटा निवडला अमेरिकन डॉलरचा: ४ लिटास म्हणजे १ डॉलर. हे जवळजवळ आठ वर्षं चाललं. २ फेब्रुवारी २००२ ला लिटास डॉलरवरून काढून युरोला बांधला गेला, १ युरोला ३.४५२८ लिटास. हा आकडा कुठून आला हे बघण्यासारखं आहे. ३.४५२८ ला ४ ने भागलं की ०.८६३२ येतात. आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी १ फेब्रुवारीला, युरोपीय मध्यवर्ती बँकेने जाहीर केलेली युरोची डॉलरमधली किंमत ती हीच. म्हणजे बदलाच्या दिवशी लिटासची किंमत वाढवली नाही आणि कमीही केली नाही. जिथे उभा होता तिथेच त्याचा दोर दुसऱ्या खुंट्याला बांधला. १ जानेवारी २०१५ ला लिथुएनिया युरोत गेला तेव्हा हाच दर लागला.

(शेजारच्या लाटवियाचा लाट्स तर १९९४ पासून तिसऱ्याच खुंट्याला होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं एसडीआर नावाचं हिशेबी एकक आहे, अनेक मोठ्या चलनांची टोपली म्हणा. १ एसडीआरला ०.७९९७ लाट्स असा तो दर होता. लाट्स २००५ च्या सुरुवातीला युरोकडे आला, ०.७०२८०४ या दराने. तुमच्या वह्यांत लाटवियाच्या राजधानीची, रीगाची, एखादी नोंद सापडली तर तिला क्रून-लिटासचं गणित लावू नका.)

हे समजलं की क्रून आणि लिटासचा दर कुठल्या तक्त्यात शोधायची गरजच उरत नाही, तो बांधता येतो. एप्रिल १९९४ ते डिसेंबर १९९८ या काळात ४ लिटास म्हणजे १ डॉलर, आणि १ डॉलरला समजा 'म' मार्क मिळत होते. १ मार्क ८ क्रूनचा. म्हणजे ४ लिटास म्हणजे ८ गुणिले म क्रून. दोन्ही बाजू ४ ने भागा: १ लिटास म्हणजे २ गुणिले म क्रून. इतकं सोपं. क्रून-लिटासचा दर हा डॉलर-मार्कच्या दराची बरोबर दुप्पट आहे, दुसरं काही नाही. तालिन आणि विल्नियस या दोन राजधान्यांमध्ये काय चाललंय याचा त्यात अंशही नव्हता. तो दर हलायचा तो फ्रँकफर्ट आणि न्यूयॉर्कमुळे.

१९९९ पासून मार्कच्या जागी युरो घाला. १ लिटासचे क्रून काढायचे तर १५.६४६६ ला युरोच्या डॉलरमधल्या किमतीने भागा आणि आलेला आकडा पुन्हा ४ ने भागा. २ फेब्रुवारी २००२ पासून तर डॉलर गणितातून निघूनच गेला. १५.६४६६ भागिले ३.४५२८ म्हणजे ४.५३१६, आणि तो दर क्रून असेपर्यंत हलला नाही.

आता तुमचा पहिला तक्ता कसा तयार झाला असेल हे दिसतं. कोणीतरी दोन्ही चलनांचे शेवटचे, युरोत जातानाचे दर घेतले, एकमेकांनी भागले आणि तो आकडा मागच्या सगळ्या वर्षांवर पसरवला. असे तक्ते मला वारंवार भेटतात. बंद पडलेल्या चलनांच्या बाबतीत ही चूक इतकी सर्रास आहे की एखाद्या तक्त्यात १९९० च्या दशकातली रेष अगदी सपाट दिसली, तर मी तो तक्ता बाजूला ठेवते.

चूक किती मोठी होऊ शकते? वार्षिक सरासरी दर घेऊन मी हिशेब मांडते. डॉलरची मार्कमधली सरासरी किंमत १९९५ ला १.४३३१ होती, १९९६ ला १.५०४८, १९९७ ला १.७३४१ आणि १९९८ ला १.७५९७. दुप्पट करा: लिटास अनुक्रमे २.८७, ३.०१, ३.४७ आणि ३.५२ क्रूनचा होतो. युरोची डॉलरमधली सरासरी किंमत १९९९ मध्ये १.०६५८, २००० मध्ये ०.९२३६ आणि २००१ मध्ये ०.८९५६ होती. त्यावरून लिटास ३.६७, ४.२४ आणि ४.३७ क्रूनचा येतो. मग २००२ च्या फेब्रुवारीपासून ४.५३. तुमच्या दुसऱ्या तक्त्याशी हे आकडे ताडून पाहा, जुळायला हवेत. १९९५ च्या नोंदीला ४.५३ लावलात तर कौनासची विक्री जवळजवळ ५८ टक्के फुगेल.

पण सरासरीतही बरंच काही दडतं, आणि तुमच्या वह्यांसाठी १९९९ आणि २००० ही दोन वर्षं सगळ्यात नाजूक आहेत. युरोच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी, ४ जानेवारी १९९९ ला, युरो १.१७८९ डॉलर होता. म्हणजे १ लिटास ३.३२ क्रून. २६ ऑक्टोबर २००० ला युरो ०.८२५२ वर घसरला आणि लिटास ४.७४ क्रूनचा झाला. दोन वर्षंही पुरी झाली नव्हती, दोन्ही देशांनी आपला ठरलेला दर एका पैशाने बदलला नव्हता, आणि लिटास क्रूनच्या तुलनेत सुमारे ४३ टक्क्यांनी महागला होता.

कागदावरचे हे टक्के माणसांपर्यंत कसे पोचले असतील याचाही विचार करा, कारण वह्या वाचताना तो उपयोगी पडेल. तार्तूच्या त्या कंपनीने कौनासला १०,००० लिटासचा माल विकला असेल, तर जानेवारी १९९९ च्या सुरुवातीला त्याचे ३३,१८० क्रून झाले असते आणि ऑक्टोबर २००० च्या शेवटी ४७,४०० च्या आसपास. लाकूड तेच, गिऱ्हाईक तेच. उलट दिशेने, लिथुएनियातून एस्टोनियाला किंवा जर्मनीला माल पाठवणाऱ्याचा माल त्याच काळात तिकडे महाग होत गेला. रशियाच्या ऑगस्ट १९९८ च्या आर्थिक संकटाने पूर्वेकडची बाजारपेठ आधीच कोसळली होती, आणि पश्चिमेकडे वळावं तर डॉलरला बांधलेला लिटास वर चढत होता. वहीत २००० साली लिटासमधली विक्री वाढलेली दिसली, तर ती मालाची वाढ आहे की दराची, हे वेगळं काढल्याशिवाय कोणताही निष्कर्ष लिहू नका. मला विचाराल तर तुमच्या अभ्यासातला सगळ्यात मोलाचा भाग तोच असेल.

इथपर्यंतचं एका श्वासात: १ फेब्रुवारी २००२ पर्यंत दर डॉलरच्या चालीवर काढायचा, त्यानंतर ४.५३१६ धरायचा आणि २००२ चा जानेवारी महिना वेगळा हाताळायचा.

पुढचं मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तिथे मी ठाम उत्तर देऊ शकत नाही.

पहिली गोष्ट, दर कशासाठी हवा? वर्षभरातली विक्री, खर्च, पगार असे वाहते आकडे असतील तर सरासरी दर लावतात, शक्यतो महिन्याची सरासरी. वर्षअखेरची येणी, देणी, बँकेतली शिल्लक असे एका दिवसाचे आकडे असतील तर त्या दिवसाचा दर. एकाच मोठ्या व्यवहाराची नोंद असेल तर त्या तारखेचा दर. १९९७ पासून २००१ पर्यंत मी वार्षिक सरासरीवर समाधान मानणार नाही, महिन्याची घेईन. २००२ च्या मार्चनंतर हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी, आणि बरेच जण विसरतात ती गोष्ट: मूळ बिल कोणत्या चलनात होतं? एस्टोनिया आणि लिथुएनियातले व्यापारी त्या काळात आपसातली बिलं मार्कमध्ये किंवा डॉलरमध्येही काढत. समजा बिल मार्कमध्ये होतं आणि वहीत कोणीतरी लिटासचा आकडा फक्त माहितीसाठी लिहून ठेवलाय. मग कंपनीला मिळालेले क्रून म्हणजे मार्क गुणिले ८, दर कितीही हलला तरी. तिथे लिटास मध्ये आणलात तर तुम्ही नसलेला नफा-तोटा तयार कराल. म्हणून आधी बिलाच्या प्रती किंवा बँकेची पत्रं शोधा.

तिसरी गोष्ट बँकेच्या दराची. वर काढलेला दर हा मध्य दर आहे, खरेदी आणि विक्रीच्या मधोमध. प्रत्यक्षात लिटास घेऊन बँकेत जाणाऱ्याला तो मिळत नसे. दोन छोट्या चलनांचा थेट बाजार नसल्यात जमा असतो. बँक लिटास विकून डॉलर किंवा मार्क घेते, मग त्याचे क्रून करते आणि दोन्ही पायऱ्यांवर आपलं मार्जिन ठेवते. त्यामुळे वहीत जमा झालेले क्रून माझ्या सूत्रापेक्षा थोडे कमी दिसले तर घाबरू नका. तो खर्च आहे, दराची चूक नाही. वहीत खरोखर जमा झालेली क्रूनची रक्कम लिहिलेली असेल तर तीच धरा. माझा मध्य दर फक्त जिथे रक्कम लिटासमध्येच अडकून राहिलीय तिथे वापरा.

आकडे कुठून घ्यावेत याबद्दल. १९९९ पासून युरोपीय मध्यवर्ती बँक रोजचे संदर्भ दर जाहीर करते आणि क्रून व लिटास दोन्ही त्यांच्या जुन्या नोंदींत आहेत. त्या काळात हे दर दुपारी सव्वादोनच्या सुमाराच्या बाजारभावावर ठरत. त्याआधीच्या वर्षांसाठी जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने जपलेली डॉलर-मार्कची मालिका घ्या, आणि तिच्यात फ्रँकफर्टच्या दुपारच्या फिक्सिंगचा, म्हणजे दिवसातून एकदा अधिकृतपणे ठरणारा, दर बघा. क्रून-लिटासची तयार मालिका शोधू नका. खुंट्यांची मालिका घ्या आणि गुणाकार स्वतः करा. मधल्या माणसाच्या चुका आपोआप गळतात.

गुणाकार करताना तीन खड्डे आहेत. काही तक्ते १ नव्हे, १० किंवा १०० क्रूनमागे दर देतात, तेव्हा एककाचा रकाना आधी वाचा. काही मध्यवर्ती बँका आज ठरलेला दर उद्यासाठी लागू करतात, त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे एका दिवसाने सरकलेले दिसतात. दोन्ही बरोबर असतात, फक्त एकच निवडा आणि शेवटपर्यंत तोच पाळा.

तिसरा खड्डा खोल आहे. सरासरी कोणत्या बाजूने काढली? वरचे दोन टोकाचे दर घ्या, ३.३२ आणि ४.७४ क्रून. यांची सरासरी ४.०३. आता तेच दर उलटे लिहा, १ क्रूनचे लिटास: ०.३०१२ आणि ०.२११०. यांची सरासरी ०.२५६१, आणि ती उलटी केली की ३.९० येतात, ४.०३ नाही. तीन टक्क्यांहून जास्त फरक, आणि कुणीच काही चुकीचं केलेलं नाही. म्हणून लिटासची रक्कम क्रूनमध्ये आणायची असेल तर 'एका लिटासचे किती क्रून' या रूपात रोजचा दर आधी काढा आणि मग सरासरी घ्या. मी वर वार्षिक सरासरीवरून काढलेले आकडे तुमचा तक्ता ताडून पाहण्यापुरते ठीक आहेत. हिशेबात घालण्यासाठी महिन्याचे आकडे याच क्रमाने नव्याने काढा.

शेवटी सगळं आजच्या युरोत मांडायचं असेल तर मात्र क्रम महत्त्वाचा आहे. १९९६ ची लिटासची रक्कम थेट ३.४५२८ ने भागून युरो काढू नका, तो दर तेव्हा अस्तित्वातच नव्हता. आधी त्या काळच्या दराने तिचे क्रून करा, मग क्रून १५.६४६६ ने भागा. क्रूनचा खुंटा १९९२ पासून बदललेला नाही, म्हणून हा रस्ता सुरक्षित आहे. भागाकार हाच दर घेऊन करा. त्याचा उलटा आकडा काढून, गोल करून गुणू नका. युरोच्या नियमांतही उलटे दर वापरायला मनाई आहे, आणि एका जुन्या चलनातून दुसऱ्या जुन्या चलनात जाताना मधली युरोची रक्कम किमान तीन दशांश स्थळांपर्यंत ठेवायची असते. मोठ्या रकमांमध्ये ही काळजी जाणवते.

एक गोष्ट या दरांनी कळणार नाही: १९९६ च्या १,००० क्रूनमध्ये घरात काय काय येत होतं. दोन्ही देशांत त्या वर्षांत महागाई बरीच होती, आणि विनिमय दर तिच्या मागे धावत नव्हता, कारण तो बांधलेला होता. मजुरी किंवा राहणीमानाची तुलना करायची असेल तर दोन्ही देशांच्या सांख्यिकी खात्यांचे किंमत निर्देशांक लागतील. ते काम वेगळं आहे, या तक्त्यात मिसळू नका.

वह्यांतल्या लिटासच्या नोंदींपैकी किती नोंदींना मूळ बिल सापडतंय ते आधी पाहा, आणि १९९९-२००० मधली चार-पाच बिलं निवडून इथे तारीख, चलन, रक्कम आणि जमा झालेले क्रून एवढं टाका. त्यावरून बँकेचं मार्जिन साधारण किती होतं ते काढता येईल, आणि मग उरलेल्या नोंदींना कोणता दर लावायचा ते आपण ठरवू.